मास्तरांची कंबर

"घाल की बोटं. दोन काय, एक घालून बघ. गेलं तर म्हणशील ते करतो."

मास्तर दुकानाच्या मधोमध हात वर करून उभे होते आणि त्यांची बहीण त्यांच्या पॅण्टच्या कंबरपट्टीत बोट खुपसत होती. बोट जाईना. तिनं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग मागं जाऊन पाठीकडून बघितलं.

"श्वास धरलायस तू, दादा."

"बरं, सोडतो. आता?"

"आता तर आणखीनच आवळली."

"मग? खाऊन-पिऊन सुखी माणूस आहे मी. बस, चहा टाकतो."

बहीण बसली खरी, पण तिच्या तोंडावर समाधान नव्हतं. तरी बोट गेलं नाही म्हणजे नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं.

या बहिणीला सगळे छोटी म्हणतात. छोटीचं वय एकाहत्तर. तिच्यामागून घरात पोर झालं नाही, त्यामुळे नाव बदलायची वेळ कुणावर आली नाही. मास्तर तिच्याहून पाच वर्षांनी मोठे. बाप शिंपी, बापाचा बाप शिंपी. मास्तर लहानपणापासून मशीनवर, आणि छोटी काज-बटणांवर. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं गेली तरी काज करायला इथंच यायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा थांबली. पुढं डोळा साफ करून आणला, पण सुई काही पुन्हा धरली नाही. नवरा गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. मास्तरही एकटेच, दुकानाच्या मागच्या खोलीत. दोघांचीही मुलं लांब आहेत आणि फोनवर फार प्रेमळ आहेत.

तीन वर्षांपूर्वी मास्तरीणबाई गेल्या तेव्हा छोटीनं कायदा केला.

"जेवलास का, असं मी विचारणार नाही. तू हो म्हणशील. माणूस तोंडानं खोटं बोलतो, अंगावरचा कपडा बोलत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येणार. तुझ्या कंबरेत माझी दोन बोटं गेली की त्याच दिवशी अंथरूण गुंडाळायचं आणि माझ्याकडं राहायला यायचं."

"आणि मशीन?"

"मशीन कसं येईल? तीन जिने आहेत."

मशीन बापाच्या वेळचं, बिडाचं. चार माणसं लागतात नुसतं सरकवायला. छोटीकडं जायचं म्हणजे शिवण बंद करायची, हे मास्तर त्याच क्षणी समजले आणि मान हलवून बसले. मान होकाराची होती.

आता शिंप्याची परीक्षा त्याच्या कपड्यावरून घ्यायची, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देऊन आपण कुलूप ओढून बघायचं. छोटी शिंप्याच्या घरात वाढलेली, तिला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. दिव्याखालचा अंधार दिव्याला दिसत नाही.

मास्तरांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की त्यांनी लबाडी म्हणून काही सुरू केलं नाही. पहिले सहा महिने ते नेमानं शिजवत होते. पण कोबीचा गड्डा एका माणसाला आठ दिवस पुरतो. चौथ्या दिवसापासून मास्तर आणि कोबी एकमेकांकडं नुसते बघत बसायचे. मग कोबी बंद झाला. दूध तापायला ठेवून मशीनवर बसलं की दूध उतू जायचं, म्हणून दूध बंद झालं. हिरड्या झिजल्या आणि खालची कवळी तोंडात टकटक वाजायला लागली. मापं घेताना गिऱ्हाईक मागं वळून बघायचं. मास्तरांनी ती काढून बटणांच्या डब्यात ठेवली. बटणांना त्रास नव्हता. पण कवळीबरोबर चावून खायचं जे जे होतं ते सगळं गेलं.

उरलं काय? सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-बिस्किट, संध्याकाळी चहा-पाव. मास्तरांच्या हिशेबी हे तीन निरनिराळे पदार्थ होते. पुढं पुढं तिन्हींची चव एकच लागायला लागली, खडूची. आयुष्यभर ओठांत खडू धरल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

पहिल्यांदा पॅण्ट ढिली वाटली तेव्हा त्यांनी गळ्यातली फीत कंबरेला लावली. कंबर चौतीसची, तेहतीस भरली.

आता हे जगात दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर त्यानं म्हटलं असतं, बारीक झालो. पण मास्तर पन्नास-साठ वर्षं माणसं मोजत आलेले. कापडी फीत वापरून वापरून ताणते, आणि ताणलेली फीत कमी माप दाखवते, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते म्हणाले, फीत गेली. नवी आणली. नवीनंही तेहतीसच दाखवली. मास्तर म्हणाले, हल्ली कारखान्यातूनच ताणून पाठवतात.

पण पॅण्ट ढिली ती ढिलीच. शिंप्यानं ढगळ कपडा घालून दुकानात बसणं म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवून वस्तरा परजणं. त्यांनी मागची शिवण उसवली, इंचभर आत घेतली, इस्त्री फिरवली. रविवारी छोटी आली. बोट गेलं नाही. तेव्हा कुठं मास्तरांच्या लक्षात आलं, की आपण धंद्यापायी जे केलं ते कायद्यातही चपखल बसलंय. बसलंयच तर बसू दे, असं त्यांना वाटलं.

तेहतीसची एकतीस झाली. एकतीसची एकोणतीस. दोन्ही पॅण्टी मुकाट्यानं आत गेल्या. शर्टाच्या बाजू आत गेल्या. कोटाचे खांदे उतरायला लागले तेव्हा त्यांत त्यांनी कापूस भरला, आणि इतका बेताचा भरला, की पेठेतल्या लोकांना मास्तर पहिल्यापेक्षा रुबाबदार वाटायला लागले.

"तब्येत कमावलीय," असं शेजारचा कुलपं-किल्ल्यावाला म्हणाला.

"कमावावी लागते," मास्तर म्हणाले.

बोटांचं मात्र निराळं होतं. गेल्या वर्षापासून कापडात दम राहिला नाही, असं मास्तर सगळ्यांना सांगत होते. पूर्वी डोळे मिटून चिमटीत धरलं तरी सुती कुठलं, लोकर कुठली, भेसळ कुठं आहे हे सांगायचे. आता सगळं कापड एकसारखं, हातमोजे घालून धरल्यासारखं. शिवाय रस्ताही मऊ झाला होता. चालताना पायाखाली कोटाच्या खांद्यातला कापूस अंथरल्यासारखा वाटायचा. मास्तरांनी चपला बदलल्या. नव्या चपलांतही कापूस होता. पायडलवर पाय कुठं आहे हे खाली वाकून बघावं लागायचं, आणि वाकून वर आलं की दुकान थोडं उशिरा वर यायचं.

हे छोटीला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर तीन जिने.

मग एका सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नव्यानं बदलून आलेल्या, वयानं मास्तरांच्या नातीएवढ्या. दोन नवे पांढरे कोट बाह्या आखूड करायला टाकले होते. त्यांनी एक कोट उलगडला आणि बाहीची कड उजेडात धरली.

"मास्तर, हे काय?"

कडेवर तीन तपकिरी ठिपके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मास्तरांच्या टाक्याचं अंतर ते.

"तुमच्या दवाखान्यातलं असेल काहीतरी."

"कोट नवा आहे. त्यानं अजून दवाखाना बघितलेला नाही."

मास्तरांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"हे रक्त आहे. बोटाला सुई लागली का?"

"बाई, साठेक वर्षं झाली मला सुई लागून. ते शिकाऊ माणसाला लागतं."

"हात बघू."

मास्तरांनी हात पुढं केला. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या टोकांना इतकी भोकं होती, की ती टाचण्यांची उशी म्हणून चालली असती. मास्तर स्वतःच्या बोटांकडं दुसऱ्याचा माल बघावा तसे बघत राहिले.

बाईंनी मशीनवरच्या उशीतली एक टाचणी काढली, आगकाडीनं तापवून घेतली. "तिकडं बघा. टोचलं की सांगा."

मास्तरांनी तोंड फिरवलं. रस्त्यावर कुलपं-किल्ल्यावाला एक किल्ली कानशीत होता. त्याची अर्धी किल्ली झाली.

"टोचा की," मास्तर म्हणाले.

"टोचून झालं."

मग बाईंनी जीभ दाखवायला सांगितली. जीभ लाल आणि गुळगुळीत होती, अस्तराच्या रेशमासारखी. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, आत रंग नव्हता.

"चालताना कसं वाटतं?"

"रस्ता मऊ झालाय."

"खाता काय?"

"सगळं."

"आज काय खाल्लं?"

"चहा-टोस्ट."

"काल?"

"काल टोस्ट संपले होते. बिस्किटं."

"वजन उतरलंय?"

"छे! कपडे बघा की अंगावरचे. सूतभर ढिले नाहीत."

बाईंनी कपडे बघितले. खरंच, सूतभर ढिले नव्हते.

"शिवतं कोण तुमचे कपडे?"

"मीच."

"मग त्यांची साक्ष चालायची नाही," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. उभ्यानं होणारं काम नव्हतं ते. रक्त तपासावं लागेल, त्या म्हणाल्या. शरीराला लागणाऱ्या गोष्टी टोस्टात नसतात. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व आहे, त्याचा तुटवडा पडला की हातापायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. लोह कमी असणार. हाडंही भुकेली असणार, कारण दुकानात ऊन येत नाही. आणि एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत हे इतकं आहे, की दवाखान्यात रोज दोन-तीन तरी येतात. फक्त त्यांचे कपडे लोंबत असतात, म्हणून कुणीतरी त्यांना धरून आणतं.

मास्तरांनी त्यातलं एकच धरलं.

"बोटं परत येतील का?"

"लवकर आलात तर बरीचशी येतील. उशीर झाला तर सगळी येतीलच असं सांगत नाही."

"लवकर म्हणजे कधी?"

"उद्या सकाळी. पोटात काही न घालता."

"ते अवघड नाही," मास्तर म्हणाले.

मंगळवारी सकाळी त्यांनी दाराला 'येतो' अशी पाटी लावली आणि गेले. आणि नेमकी त्याच सकाळी छोटीला एका पिशवीची चेन बसवून हवी होती. तिच्याकडं किल्ली होती. ती आत आली, हाक मारली आणि मागच्या खोलीत गेली. तिथं दोरीवर मास्तरांची दुसरी पॅण्ट वाळत होती. मास्तर कपडे उलटे करून वाळत घालतात, रंग जात नाही म्हणून.

छोटीनं ती सुलट करायला हातात घेतली आणि थांबली.

मागच्या शिवणीच्या बाजूला सुईच्या भोकांची एक जुनी रेघ होती. तिच्या आत दुसरी. दुसरीच्या आत तिसरी. आणि सगळ्यांच्या आत चौथी, दोऱ्याची, ताजी. झाडाच्या बुंध्यावर वर्षं मोजावीत तशी तिनं ती मोजली. बाहेरची चौतीस होती. आतली, तिनं फीत लावली, एकोणतीस.

ती खाटेवर बसली. राग यायला हवा होता आणि येतही होता. पण तिचं बोट त्या चौथ्या शिवणीवरून फिरत होतं. पहिल्या तिन्ही रेघा ओळंब्यात, पट्टी ठेवून मारल्यासारख्या. चौथी वाकडी होती. मध्येच डावीकडं गेलेली, मग भानावर येऊन परत फिरलेली. दादाच्या हाताची वाकडी शिवण तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती.

मास्तर दंडाला कापसाचा बोळा लावून परत आले तेव्हा छोटी मशीनजवळच्या स्टुलावर बसून पॅण्ट उसवत होती. चौथी शिवण निघाली होती. आतलं दुमडलेलं कापड इस्त्रीनं चेपून तिनं चौतीसच्या रेघेवर कच्चे टाके घालत आणले होते.

"आज काय रविवार आहे का?" मास्तर म्हणाले.

"ही घाल."

"छोटे, ऐक—"

"घाल म्हणते ना."

मास्तर आत जाऊन घालून आले. दोन्ही हातांनी कंबर धरून.

"हात वर कर."

"हात वर केले तर—"

"कर."

मास्तरांनी हात वर केले. पॅण्ट खाली गेली. शहात्तर वर्षांचे मास्तर आपल्याच दुकानात, लांब शर्टात, हात वर करून उभे राहिले. दार ओढलेलं होतं ते नशीब.

"दोन बोटं म्हणाले होते मी," छोटी म्हणाली. "यात मी आख्खी मावते."

"फीत ताणली होती."

"आणि शिवण? ती पण ताणली? सांग ना, कधीपासून वाकडं शिवायला लागलास?"

मास्तरांनी पॅण्ट वर घेतली, धरली आणि तसेच पाटावर बसले. मग सगळं सांगितलं. टाचणी, कापूस, जीभ, बी-बारा. सांगताना त्यांचा आवाज गिऱ्हाइकाला कोट उद्या मिळेल म्हणून सांगावं तसा सपाट होता.

"अंथरूण गुंडाळ," छोटी म्हणाली.

"येतो की. पण आधी उभी राहा."

"का?"

"तुझा खांदा उतरलाय."

हे त्यांनी दारातून आत येतानाच बघितलं होतं. बोटांना कळत नसलं तरी डोळे शिंप्याचे होते. छोटीच्या झग्याची खांद्याची शिवण दंडावर आली होती, दोन बोटं तरी खाली.

"धुऊन धुऊन सैल झालाय तो," छोटी म्हणाली.

"सुती कापड धुऊन आटतं. सैल होत नाही. हात वर कर."

"दादा, विषय बदलू नकोस."

"हात वर कर म्हणतो ना."

एका हातानं पॅण्ट आणि एका हातानं फीत धरून माप घेणं कुठल्याही शिंप्याला शिकवलेलं नसतं. मास्तरांनी घेतलं. मग मापांची वही काढली. त्यात छोटीचं पान होतं, चार वर्षांपूर्वीचं, तिच्या शेवटच्या झग्याचं. छाती छत्तीस. आता तेहतीस.

"काल काय जेवलीस?" मास्तरांनी विचारलं.

छोटीनं मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं.

"चहा," ती म्हणाली. "तीन जिने उतरून भाजी आणायची कोण? आणि एकटीसाठी?"

"माझी परीक्षा घ्यायला बरी उतरतेस."

"महिन्यातनं एकदाच."

मग दोघंही दवाखान्यात गेले. मास्तर एकोणतिसाच्या पॅण्टीत, छोटी उतरलेल्या खांद्यानं. छोटीचंही रक्त तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. दोघांचे आकडे बघून त्या म्हणाल्या की सख्खी भावंडं आहात हे तपासायची गरज नाही. मास्तरांना सुया लागणार होत्या, आधी एका आड एक दिवस, मग महिन्याला. छोटीला गोळ्या पुरणार होत्या. अंडी, दूध, मासे, हिरवी भाजी, कवळी नीट बसवून घेणं, रोज अर्धा तास उन्हात बसणं. आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, तो लोह अंगी लागू देत नाही. सगळ्यात हे शेवटचं मास्तरांना लागलं. सुई लागली नव्हती तेवढं लागलं.

बिछाना गुंडाळायचा राहिला. त्याऐवजी नवा कायदा झाला, आणि या वेळी छोटी शिंप्याच्या मुलीसारखी वागली. तिनं कॅनव्हासच्या दुहेरी कापडाचा एक पट्टा शिवला, चौतिसाचा, एका टोकाला अडकवायचा आकडा, आणि इंचाइंचाला तिच्या हातचं एकेक काज. तो पट्टा तिच्या कपाटात राहतो, किल्ली तिच्याकडं. कॅनव्हास ताणत नाही आणि आत घेता येत नाही. मास्तरांनीही तिच्यासाठी तसाच एक शिवला, तो त्यांच्याकडं. दुपारचं जेवण एकत्र: एक दिवस दुकानामागं, एक दिवस तिसऱ्या मजल्यावर. जिने चढून गेल्यावर भूक लागते, असा मास्तरांना उशिरा शोध लागला. कोबीचा गड्डा आता तीन दिवसांत संपतो. दोघांना आवडतो म्हणून नव्हे. समोर दुसरं माणूस बसलं की ताटात टाकून देता येत नाही, म्हणून.

"मीठ नाही यात."

"तुझ्या जिभेला नाही. जीभ बरी झाली की बोल."

सहा महिने झाले. चौथ्या महिन्यात रस्ता पुन्हा कडक झाला. पायाला पायडल लागायला लागलं. उजव्या हाताची बोटं आली. डाव्याची दोन अजून आली नाहीत. बाई म्हणतात वाट बघू, आणि बघू म्हणताना कागदाकडं बघतात. मास्तर त्या दोन बोटांवर पितळी टोप्या घालतात आणि तिथलं काम डोळ्यांनी करतात. काज मात्र त्यांनी सोडले. ते छोटी करते, सकाळच्या उन्हात, दुकानासमोर स्टूल टाकून. काज करताना ती सगळ्या पेठेला सांगते की दादाची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही; बोटांचं नाव काढत नाही.

गेल्या रविवारी ती पट्टा घेऊन आली. मास्तर हात वर करून उभे राहिले. आकडा तिसाच्या काजात बसला, तो एकतिसाच्या काजात बसवायला तिनं पट्टा थोडा ढिला सोडला.

"ढिला सोडू नकोस. फसवाफसवी नको," मास्तर म्हणाले.

"तू बोलतोस हे?"

तिनं पट्टा पिशवीत टाकला, आणि मग पॅण्टच्या मागच्या शिवणीला हात लावून, आत दुमडलेलं कापड चिमटीत धरून बघितलं.

"एक बरं केलंस. आत घेतलंस पण कापलं नाहीस."

"कापड कापून टाकतात होय? पुढंमागं लागतं."

ती उन्हात जाऊन बसली. मास्तरांनी खुंटीवरची दुसरी पॅण्ट घेतली, मागची शिवण उसवली, अर्धा इंच बाहेर सोडली आणि मशीनवर धरली. शिवण सरळ गेली. जिथं जरा हलली तिथं त्यांनी थांबून दोरा काढला आणि पुन्हा मारली. तेवढ्यात दारात एक गृहस्थ कोटाचं कापड घेऊन उभे राहिले. मास्तरांनी पॅण्ट बाजूला ठेवली, गळ्यातली फीत काढली, बोटांवरच्या टोप्या नीट दाबून बसवल्या.

"या," ते म्हणाले. "हात वर करा."